बटलरने न पाहिलेला मुलगा

टॉलस्टॉय १८५१ मध्ये कॉकेशसमध्ये गेला आणि पुढे तिथल्या रशियन सैन्यात भरती झाला. त्याच वर्षी हाजी मुराद हा अवार सरदार इमाम शामिलची साथ सोडून रशियनांना जाऊन मिळाला. म्हातारपणी टॉलस्टॉयने त्याच्यावर एक छोटी कादंबरी लिहिली. ती १९१२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली.

पहिल्याच प्रकरणात हाजी मुराद एका चेचेन गावात सादोच्या घरी उतरतो. त्याला पकडण्याचा शामिलचा हुकूम गावात आधीच पोचलेला आहे. तरीही सादो मेहमानाला आसरा देतो. त्याचा चमकदार डोळ्यांचा, पंधरा वर्षांचा मुलगा पाहुण्याकडे भारावून बघत राहतो.

पुढे त्याच गावावर रशियन फौज चालून जाते. ही चढाई आपण बटलर या अधिकाऱ्याच्या नजरेतून वाचतो. बटलर दिलदार माणूस आहे. सकाळ सुंदर आहे आणि तो खुशीत आहे. वाटेत एक प्रेत दिसते, पण तो थांबत नाही. आपणही त्याच्याबरोबर पुढे जातो. लगेच जेमतेम दोन पानांचे प्रकरण येते. गाव जळाले आहे, पाण्याची जागा आणि मशीद घाण केली आहे. सादोच्या मुलाचे प्रेत घोड्यावरून आणले जाते, पाठीत संगीन खुपसलेली.

मुस्लिम वाचकाला इथे थांबावेसे वाटेल: मारले गेले ते आपले, मारणारे ते. पण टॉलस्टॉय तशी सवलत देत नाही. हाजी मुरादच्या कुटुंबाला ओलीस धरून त्याच्या मुलाचे डोळे काढण्याची धमकी देणारा शामिलही याच पुस्तकात आहे. अव्देयेव हा रशियन शिपाईही आहे. भावाला मुलेबाळे आहेत म्हणून त्याच्याऐवजी तो फौजेत गेला आणि एका किरकोळ चकमकीत मेला. सरकारी अहवालात तीच चकमक मोठा विजय बनते, शत्रूचे शंभरेक लोक मेले वा जखमी झाले असे लिहिले जाते. आईने पाठवलेला रुबल मात्र मृत्यूच्या बातमीसह घरी परत येतो.

बटलरला सादोचा मुलगा माहीत नाही. सादोला अव्देयेवची आई माहीत नाही. दोघांनाही ओळखतो तो फक्त वाचक. माझ्या मते वाचकाची नैतिक जबाबदारी इथूनच सुरू होते. जे पात्रांना दिसत नाही ते आपल्याला दाखवले आहे, म्हणजे आपण गवाह झालो. सूरह निसामध्ये तर स्वतःच्या वा आप्तांच्या विरुद्ध जात असली तरी न्यायाने साक्ष द्या, असा हुकूम आहे. कादंबरीतून फक्त आपल्या बाजूचे दुःख उचलणारा वाचक अर्धीच साक्ष देतो.

आजही युद्धाच्या बातम्या आकड्यांतच येतात. आपल्याला न आवडणाऱ्या बाजूचा आकडा वाचून पुढे सरकताना, आपण बटलरसारखेच न थांबता चाललो आहोत का, एवढे तरी स्वतःला विचारावे.