राक्षस ठेवा, जन्माचा शिक्का काढा

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकी खेळाचं 'मॉन्स्टर मॅन्युअल' नावाचं पुस्तक २०२५च्या फेब्रुवारीत नव्या रूपात आलं आणि त्यात ऑर्कची नोंदच नव्हती. ऑर्क म्हणजे या खेळातला सगळ्यात ओळखीचा शत्रू. पन्नास वर्षं खेळाडू त्याला मारत आले. जुने खेळाडू चिडले : आता राक्षसांच्याही भावना जपायच्या का? दुसऱ्या बाजूचे म्हणाले, उशिरा का होईना, एक वंशवादी चित्र पुसलं गेलं. पारंपरिक राक्षस आहेत तसे ठेवायचे की बदलायचे, हा वाद तिथे बरीच वर्षं चालू आहे.

यात आपला काय संबंध, असं वाटेल. पण हा वाद मुळात एका प्रश्नावर उभा आहे : एखाद्या समूहाचा स्वभाव, बुद्धी आणि नीती जन्मानेच ठरते का, आणि ती ठरवून पुस्तकात लिहिण्याचा अधिकार कोणाला? हा प्रश्न आपल्याला कोणी नव्याने समजावून सांगायला नको.

आधी खेळ कसा चालतो ते पाहू. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कोण काय करतो ते बोलून सांगायचं आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशावर ठरवायचं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ प्रकाशित केला. 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका पाहिली असेल, तर त्यातली मुलं तळघरात बसून जो खेळतात तो हाच. आज वेगवेगळ्या कंपन्यांचे असे असंख्य खेळ आहेत, कॉम्प्युटरवरच्या कितीतरी खेळांचा साचाही इथूनच आला आहे.

१९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये प्रत्येक प्राण्याची नोंद ठरावीक रकान्यांत आहे. किती संख्येने भेटतो, किती खजिना बाळगतो, बुद्धी किती आणि नैतिक वृत्ती कोणती. वृत्तीच्या रकान्यात ऑर्कपुढे 'दुष्ट' लिहिलेलं आहे. एखादा ऑर्क नव्हे, ऑर्क ही सगळी जमात. ड्राऊ नावाचे एल्फ आहेत, ते जमिनीखाली राहतात. त्यांची कातडी काळी आणि वृत्ती दुष्ट. गोऱ्या एल्फांची वृत्ती मात्र चांगली.

बुद्धीचा रकानाही जुन्या काळातच राहिला नाही. २०१६ साली आलेल्या 'व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स' या पुस्तकात खेळाडूला ऑर्कचं पात्र घ्यायचं असेल तर बुद्धीच्या गुणांतून दोन वजा करायचे, असा नियम होता. पात्राने काय शिकलं, कोणाकडे शिकलं, कुठे वाढलं, याचा विचार नंतर. जन्म ऑर्कचा, म्हणजे दोन गुण कमी. २०२० साली हा नियम काढला गेला. प्रवेशयादी लागल्यावर आपल्याकडे बघून 'मेरिट'ची चर्चा सुरू करणाऱ्यांना हा नियम वाचायला द्यायला हवा. त्यांच्या मनातलंच कोणीतरी फाशांच्या भाषेत लिहून ठेवलं होतं.

असा नियम असला की त्याला एक अपवादही लागतो. १९८८ साली आर. ए. साल्वातोरे यांच्या 'द क्रिस्टल शार्ड' या कादंबरीत ड्रिझ्ट नावाचा ड्राऊ आला. शूर, सज्जन, आपल्या लोकांना सोडून आलेला. तो प्रचंड लोकप्रिय झाला. पण त्याच्या चांगुलपणाचं कौतुक होतं ते तो आपल्या जातकुळीपेक्षा वेगळा निघाला म्हणून. आपल्याकडे ही जागा बिभीषणाची आहे. 'तू त्यांच्यातला वाटत नाहीस' हे वाक्य कॉलेजात किंवा नोकरीच्या पहिल्या महिन्यात ज्यांनी कौतुक म्हणून ऐकलं आहे, त्यांना हा अपवाद कसा घडवतात ते ठाऊक आहे. एकाला चांगलं म्हणायचं आणि त्याच वाक्यात बाकीच्या सगळ्यांना वाईट ठरवायचं.

'खेळच तो, एवढं काय मनावर घ्यायचं' असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जुन्या पुस्तकात ऑर्कच्या वस्तीत बायका किती आणि पोरं किती असतील, याचीही नोंद होती. त्यामुळे लढाई जिंकल्यावर टेबलावर हमखास प्रश्न यायचा : या पोरांचं काय करायचं? जमात जन्मानेच दुष्ट असेल तर उत्तर सरळ निघतं. २००५ साली, धर्मनिष्ठ योद्ध्याने कैद्यांशी कसं वागावं या चर्चेत, खुद्द गायगॅक्स यांनी कर्नल चिव्हिंग्टनच्या नावावर असलेल्या एका म्हणीचा आधार घेतला. तिचा अर्थ असा की लिखांच्याच पुढे उवा होतात. हा चिव्हिंग्टन कोण? २९ नोव्हेंबर १८६४ रोजी कोलोरॅडोत सँड क्रीक इथे शायेन आणि अरापाहो या मूळनिवासी लोकांच्या छावणीवर हल्ला करणाऱ्या सैन्याचा प्रमुख. मारल्या गेलेल्यांत बायका, मुलं आणि म्हातारी माणसं बहुसंख्य होती. खेळाचा निर्माता काल्पनिक जमातीबद्दल बोलत होता, पण तर्क त्याला खऱ्या कत्तलीतून उचलावा लागला. कारण तर्क एकच होता.

या तर्काचा भारतीय कायदाही झाला होता. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींच्या नावापुढे 'गुन्हेगार' असा शिक्का मारला. चोरी केली म्हणून नव्हे, त्या जमातीत जन्मले म्हणून. नावनोंदणी, हजेरी, गाव सोडायला परवाना, आणि पुढच्या दुरुस्त्यांनी तर मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवायची सोय. पुन्हा लिखा आणि उवाच. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. कायद्याच्या पुस्तकातून नोंद गेली, पण त्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर जायची ती जातच राहिली. तुरुंगांच्या नियमावल्यांत विमुक्त जमातींबद्दलची तीच भाषा इतकी टिकली, की सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तिच्यावर निकाल द्यावा लागला. पुस्तकातली ओळ बदलायला हवीच, पण तेवढ्याने काम होत नाही, हा आपला अनुभव आहे. खेळांच्या वादाकडेही याच अनुभवातून पाहायला हवं.

आता कंपनीने काय केलं ते पाहू. जून २०२०मध्ये, अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर आंदोलन पेटलेलं असताना, 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने जाहीरपणे मान्य केलं की ऑर्क आणि ड्राऊ यांची वर्णनं खऱ्या जगातल्या समूहांना हिणवण्याच्या भाषेशी जुळणारी होती. रोमा समाजाच्या साच्यावर रंगवलेल्या व्हिस्तानी लोकांची वर्णनंही सुधारली. तरी २०२२ साली गुलामगिरीची कथा जोडलेली माकडासारखी हादोझी जमात छापून आली आणि कंपनीला पुन्हा माफी मागावी लागली. मग 'रेस' हा शब्द काढून 'स्पीशीज' आणला. २०२४च्या खेळाडूंच्या पुस्तकात ऑर्क हे हिरो म्हणून घेता येणारं पात्र झालं, आणि २०२५च्या राक्षसांच्या पुस्तकातून त्याची शत्रू म्हणून असलेली नोंद गेली. आता गुंड, डाकू, योद्धे अशा सामान्य नोंदी आहेत, त्या कोणत्याही जमातीच्या पात्राला लावता येतात.

यातलं बरंचसं चांगलं आहे. डाकूला डाकू म्हणणं म्हणजे माणसाला त्याच्या कृत्याने ओळखणं, जन्माने नव्हे. हा बदल मला मान्य आहे. पण दोन गोष्टी खटकतात.

पहिली म्हणजे शब्दांची अदलाबदल. 'वंश' काढून 'प्रजाती' आणल्याने भेद कमी होत नाही. उलट तो आता जीवशास्त्राचा वाटतो. लग्नाच्या जाहिरातीत 'जात' लिहायची लाज वाटते म्हणून 'समाज' लिहिणाऱ्यांची युक्ती आपण ओळखतो. शिवाय नोंद गुपचूप गाळल्याने इतिहासही जातो. आज पहिल्यांदा पुस्तक उघडणाऱ्या मुलाला कळणारच नाही की पन्नास वर्षं इथे एका जमातीची बदनामी छापली जात होती. ऑर्कना स्वतःच्या तोंडून स्वतःची हकिगत सांगायची संधी यायच्या आत त्यांना त्या पुस्तकातून उठवलं गेलं.

दुसरी गोष्ट आपल्या घरची आहे. या खेळात राक्षसही आहे, 'राक्षस' याच नावाने. १९७७च्या पुस्तकातलं त्याचं चित्र प्रसिद्ध आहे : वाघाचं डोकं, अंगात उंची झगा, हातात चिलीम. त्याची कल्पना गायगॅक्स यांनी संस्कृत ग्रंथांतून नव्हे तर 'कोलचॅक : द नाइट स्टॉकर' या अमेरिकी मालिकेतल्या एका भागावरून घेतली. पुढे त्याचे तळहात उलटे दाखवले गेले आणि २०१४च्या आवृत्तीत त्याचा उगम थेट नरकात नेऊन ठेवला. ऑर्कची सुटका झाली, पण राक्षस २०२५मध्येही दुष्टच आहे, कारण त्याला लोकांच्या नव्हे, सैतानांच्या वर्गात टाकलं आहे. 'पाथफाइंडर' हा दुसरा मोठा खेळ तर आणखी पुढे गेला. त्याने राक्षसांना जातींची उतरंड दिली : वर मालक, खाली सेवक आणि ज्यांना नुसतं खाद्य समजलं जातं असेही. त्यात असुरांचीही नोंद दुष्ट म्हणूनच आहे. म्हणजे ज्यांना कथांनी बहिष्कृत केलं, जातव्यवस्था त्यांच्याच माथी मारली. याच 'पाथफाइंडर'ने २०२३च्या नव्या आवृत्तीत चांगल्या-दुष्ट वृत्तीचा रकानाच काढून टाकला, हेही सांगायला हवं. करायचं ठरवलं तर होतं.

झारखंडमध्ये असुर नावाची आदिवासी जमात आहे, पिढ्यानपिढ्या लोखंड गाळणारी. महिषासुराला पूर्वज मानणारे लोक तिथे आहेत. केरळ दर ओणमला महाबलीची वाट पाहतो. महाराष्ट्रात भावाला ओवाळणारी बाई बळीचं राज्य मागते, आणि बळीची कथा सांगणारेही कबूल करतात की तो उदार आणि न्यायी होता. त्याचा दोष एकच, तो असुर कुळातला. त्याने काहीही केलं तरी रकान्यातला शब्द बदलणार नव्हता.

मग राक्षस ठेवायचे की काढायचे? माझं म्हणणं असं आहे : राक्षस ठेवा, जन्माचा शिक्का काढा. यासाठी एक साधी कसोटी पुरते. पुस्तकाने ज्याला भाषा दिली, वस्ती दिली, देव दिला, पोरंबाळं दिली, तो प्राणी नाही, ते लोक आहेत. लोकांचा स्वभाव रकान्यात लिहायचा नाही. त्यांच्यातला एखादा राजा क्रूर असू द्या, एखादी टोळी लुटारू असू द्या, पण ती तशी का झाली ते गोष्टीत सांगा. दमूनभागून आलेल्या संध्याकाळी विचार न करता तलवार चालवायची असेल तर सांगाडे आहेत, वाटेत येईल ते गिळणारा चिकट गोळा आहे. त्यांना खुशाल मारा. त्यांच्या घरी कोणी वाट पाहत नसतं.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं : ज्याला हवं त्याने आपल्या टेबलावर नियम बदलावा, पुस्तक कशाला बदलायचं? टेबलावर बदल करता येतो हे खरं आहे. पण बदलायला आधी काही चुकतंय हे दिसावं लागतं. तेरा वर्षांच्या मुलासाठी जे छापलेलं असतं तेच जग असतं. छापलेल्या पुस्तकाची ताकद काय असते हे, ज्यांच्याविषयी पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांनीच लिहिलं, त्यांनी तरी कमी लेखू नये.

जोतीराव फुल्यांनी हे काम १८७३ साली 'गुलामगिरी'त करून ठेवलं आहे. त्यांनी राक्षसांना कथेतून वगळलं नाही. त्यांनी एकेक अवतार घेतला आणि तीच कथा हरलेल्यांच्या बाजूने सांगितली. राक्षस म्हणजे रक्षण करणारे, असं त्यांनी मांडलं. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्रात टिकते की नाही हा वेगळा प्रश्न, पण नोंद कोणी लिहिली हे विचारायची रीत त्यांनी घालून दिली. हे पुस्तक त्यांनी गुलामगिरी संपवल्याबद्दल अमेरिकेच्या लोकांना अर्पण केलं होतं.

आपल्यातले अनेक जण आता खेळ, कॉमिक, ॲनिमेशन, गेम डिझाइन या क्षेत्रांत शिकत आहेत, कामं शोधत आहेत. घरात हे काम समजावून सांगणं अवघड जात असेल, तरी ते किरकोळ नाही. इंग्रजी पुस्तकं महाग आहेत, पण गोष्ट सांगायला एक वही आणि फासे पुरतात. राक्षसाची पुढची नोंद लिहिली जाईल तेव्हा ती लिहिणारा हात आपल्यापैकी कोणाचा तरी असावा. त्या नोंदीत त्याचं गाव लिहा, त्याचं काम लिहा, त्याची जमीन कोणी घेतली ते लिहा. वृत्तीचा रकाना मोकळा सोडा. तो त्याला स्वतःच्या वागण्याने भरू द्या.