लोकसहभागाचा उतारा

जिनिंगमध्ये नेलेल्या कापसाची खरी परीक्षा गाडीच्या वजनावर होत नसून रुईच्या उताऱ्यावर होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. राजकारणातील लोकसहभाग मोजताना मात्र हा नियम आपण विसरतो, असे आम्हांस वाटते.

भ्रमणध्वनीवर आज हमीभावाविषयी शेकडो संदेश फिरतात. ते किती फिरले, किती जणांनी पसंती दर्शविली, याचा आकडा यंत्र क्षणात देते आणि तोच सहभाग मानला जातो. मोठ्या संस्थांचे मापही पुरते नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या 2018 च्या ई-सहभाग निर्देशांकात 193 देशांत भारत 15 वा होता. मान आनंदाचा खरा. परंतु सरकारी संकेतस्थळांवर माहिती देण्याची व मत विचारण्याची सोय कितपत आहे, एवढेच तो निर्देशांक तपासतो. तिचा उपयोग किती शेतकऱ्यांनी केला, हे त्यावरून कळत नाही. कोठाराची लांबीरुंदी मोजून आतील धान्य कसे ठरणार?

जी गोष्ट यंत्राची, तीच ग्रामसभेच्या वहीची. मतदारांपैकी 15 टक्के अथवा 100, यांपैकी जी संख्या कमी तेवढी हजेरी भरली की गणपूर्ती होते. तहकूब सभेस तीही लागत नाही. तेव्हा सह्यांवरून सभा भरली एवढेच सिद्ध होते, गाव बोलले हे नव्हे.

आपल्या जिल्ह्यास खरे माप अपरिचित नाही. इंग्रजांनी हा देश सोडावा, असा ठराव काँग्रेस कार्यकारिणीने 14 जुलै 1942 रोजी वर्ध्यास केला. त्यामागे लोक किती होते, हे 16 ऑगस्ट रोजी आष्टीच्या ग्रामस्थांनी गोळीबारास तोंड देऊन दाखविले. आज तेवढा त्याग कोणी मागत नाही. दोन तास बसून बोलावे, इतकेच मागणे आहे.

भ्रमणध्वनी टाकून द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. सभेचे निमंत्रण घरोघर पोहोचविण्यास तो उत्तम साधन होय. आमची सूचना इतकीच की, सभासदांनी प्रत्येक ग्रामसभेनंतर एका वहीत चार रकाने भरावे: किती आले, स्त्रिया व शेतमजूर यांपैकी किती बोलले, कोणता ठराव झाला आणि तीन महिन्यांनी त्याचे काय झाले. चौथा रकाना रिकामा राहिल्यास पुढील सभेत त्याचा जाब विचारावा. लोकसहभागाचा खरा उतारा त्याच रकान्यात कळेल.