मॅपला पूल दिसतो का?
जानेवारी २०२१. अकोले तालुक्यात कळसूबाईला निघालेली कार रात्री मॅपच्या भरवशावर पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली, चालक बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून कार कोसळून तिघे गेले. त्या पुलाचा काही भाग आधीच पुरात वाहून गेला होता.

जीपीएसवरून फक्त ‘तुम्ही कुठे आहात’ हे कळतं, तेही नेटशिवाय. पूल शाबूत आहे का, हे नकाशाचा डेटा सांगणार. तो शिळा असेल तर कारमधलं महागडं नेव्हिगेशनही आंधळंच. कागदी नकाशा तर त्याहून जुना! पण तो ‘सरळ जा’ म्हणत नाही, म्हणून माणूस काच खाली करून गावात विचारतो.

घाटात जाताय? घरच्या वायफायवर ऑफलाइन मॅप डाउनलोड करून ठेवा. रात्री अनोळखी शॉर्टकट सुचवला, तर वीस मिनिटं जास्त लागली तरी हायवेच धरा.