रेल्वे येणार म्हणता, पण कोणासाठी? दगडासाठी की माणसासाठी?

लांब पोस्ट आहे, पण पूर्ण वाचा. अर्धी वाचून भांडायला येणाऱ्यांना उत्तर देणार नाही.

पुन्हा सगळ्या ग्रुपवर तेच सुरू झालंय. "गडचिरोली रेल्वेच्या नकाशावर", "स्टील हबला रेल्वेची साथ". खाली नेत्यांचे फोटो, त्याखाली हात जोडलेल्या कार्यकर्त्यांचे फोटो. फ्लेक्स छापणाऱ्यांचा धंदा जोरात आहे बाप्पा! रूळ कुठे आहेत, ते मात्र कोणी विचारत नाही.

मी विचारतो. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. 34 किलोमीटर. त्याला पावणेदोनशे वर्षं होत आली. आपला जिल्हा 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरपासून वेगळा झाला. क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर, आणि त्यात रेल्वेमार्ग किती? साडेअठरा किलोमीटर. स्टेशन म्हणावं असं एकच, वडसा. तेही जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाला. मुलचेऱ्याच्या माणसाला वडसा म्हणजे चामोर्शी, गडचिरोली, आरमोरी ओलांडून जायचं गाव. त्यापेक्षा तो आष्टीवरून गोंडपिपरी आणि तिथून बल्लारशाह गाठतो. जिल्हा आपला, स्टेशन दुसऱ्या जिल्ह्यातलं. पुण्याला कंपनीत जाणारं पोरगं असो, नागपूरला दवाखान्यात न्यायचा पेशंट असो, की आपल्या बंगाली कॅम्पातला नातेवाइकांकडे निघालेला माणूस, सगळ्यांचा प्रवास बस नाहीतर काळीपिवळीनेच सुरू होतो. पावसाळ्यात नाला रस्त्यावरून वाहायला लागला की तोही राहतो. तिकीट कन्फर्म, माणूस घरीच.

रेल्वेने गाव कसं बदलतं, हे पाहायला लांब जायची गरज नाही. देसाईगंज पाहा. धानाचा बाजार, राईस मिल, व्यापारी पेठ, हे सगळं स्टेशनभोवती उभं राहिलं. इंग्रजांच्या काळात बंगाल-नागपूर रेल्वेने या भागात छोटी लाईन टाकली. ती गोंदिया ते बल्लारशाह 240 किलोमीटर मोठी व्हायला 1999 उजाडावं लागलं. आता 2025 च्या एप्रिलमध्ये केंद्राने त्याच मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली, 4,819 कोटींची. चांगली गोष्ट आहे, अभिनंदन. पण ज्याच्याजवळ एक रूळ होता, त्याला दुसरा मिळाला. ज्याच्याजवळ काहीच नव्हतं त्याचं काय?

त्याच्यासाठी वडसा-गडचिरोली लाईन आहे ना, असं म्हणाल. आहे. 52 किलोमीटर. दशकभराहून जास्त काळापूर्वी मंजूर झाली, निम्मा खर्च राज्याने द्यायचा असं ठरलं. खर्च शेकड्यातून हजार कोटींच्या पार गेला. मधल्या काळात खासदार बदलले, मंत्री बदलले, भाषणातलं वाक्य तेवढं बदललं नाही. आणि नागपूर-नागभीडची छोटी गाडी? नोव्हेंबर 2019 मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद केली. 106 किलोमीटरचं काम. पाच वर्षं उलटली तरी लोक एसटीतच लटकत होते. कासवासारखी का होईना, गरिबाची गाडी होती ती. आधी बंद करायची आणि मग निवांत बांधत बसायचं, हा कोणता न्याय?

आता मुद्द्यावर येतो. गडचिरोली ते छत्तीसगडातलं बचेली, बिजापूरमार्गे, सुमारे 490 किलोमीटरच्या नव्या लाईनच्या अंतिम सर्वेक्षणाला रेल्वेने मान्यता दिलेली आहे. नकाशा काढा आणि दोन्ही टोकं पाहा राजेहो. बचेली म्हणजे बैलाडिलाच्या लोखंडाच्या खाणी. इकडे आपलं सुरजागड. एका खाणीतून दुसऱ्या खाणीकडे. हा योगायोग आहे असं मला पटवून द्यायचा प्रयत्न करू नका.

खनिज रेल्वेने जाऊ नये, असं मी म्हणत नाही. उलट जावंच. एटापल्ली, आलापल्ली, आष्टी या रस्त्यावरून ट्रकांची रांग काय असते, हे ज्याने भोगलं त्याला सांगावं लागत नाही. शाळेची पोरं, दुचाकीवाले, बैलबंडी, सगळे रस्त्याखाली उतरून उभे राहतात. एक मालगाडी शेकडो ट्रकांचं ओझं ओढते आणि डिझेलही कमी जळतं. कोकण रेल्वे तर 1999 पासून भरलेले ट्रकच गाडीवर चढवून नेते. म्हणजे तांत्रिक अडचण नाही. प्रश्न आहे, त्या रुळांवर माझी गाडी धावेल का?

हा प्रश्न हवेतला नाही. बैलाडिलाचीच गोष्ट घ्या. 1960 च्या दशकात किरंदुलपासून विशाखापट्टणमच्या बाजूला लाईन टाकली. जपानला लोखंड पाठवायचं होतं म्हणून घाट फोडले, बोगदे काढले. मालगाड्या सुरू झाल्या त्या आजतागायत थांबल्या नाहीत. पण प्रवासी गाड्या किती? बोटावर मोजाव्या इतक्या. साठ वर्षं बस्तरचा आदिवासी डब्यांमागे डबे जाताना पाहतोय, आणि त्या डब्यांमध्ये त्याचाच डोंगर भरलेला आहे. आपल्याला हेच पाहायचं आहे का?

रेल्वेचं गणितही समजून घ्या. तिची बहुतेक कमाई मालवाहतुकीतून होते, प्रवासी गाडी तोट्यात चालते. त्यामुळे कागदावर मागून घेतल्याशिवाय प्रवासी गाडी कोणी आणून देणार नाही. "आधी लाईन येऊ द्या, गाडी मग पाहू" म्हणणारे भोळे तरी आहेत किंवा कंत्राटदार तरी.

दुसरी बाजू जंगलाची. तुम्ही जंगलविरोधी का, असं काही मित्र विचारतील. नोव्हेंबर 2018 मध्ये चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या भागात गोंदिया लाईनवर वाघाचे तीन बछडे गाडीखाली मेले. तो फोटो ज्याने पाहिला तो विसरला नसेल. म्हणून जंगलातली लाईन म्हणजे खालून जनावरांना मोठी वाट, गरज असेल तिथे उंचावरून रूळ आणि रात्री वेगावर बंधन. यात खर्च वाढतो, वाढू द्या. चपराळा अभयारण्य आपल्या दारात आहे. पण वाघाचं कारण सांगून माणसाची गाडी अडवायची आणि खाणीचं काम आलं की तेच कारण फाईलीत दाबायचं, हे चालणार नाही. नियम एकच ठेवा.

आणि विचारणार कोणाला? 2013 साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने रस्ते, कालवे, रेल्वे असल्या लांबलचक प्रकल्पांना ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिली. मात्र त्याच पत्रात एक अपवाद आहे. आदिम जमातींच्या मान्य झालेल्या हक्कांना धक्का बसत असेल तर ही सूट नाही. माडिया समाज आदिम जमातींच्या यादीत आहे. हे वाक्य तलाठ्याला, तहसीलदाराला, आमदाराला वाचून दाखवा. त्यांना माहीत नसेल असं नाही, पण तुम्हाला माहीत आहे हे त्यांना कळलं पाहिजे.

मागणी फार मोठी नाही. लाईन दक्षिणेकडे आणायची तर आष्टीच्या परिसरात प्रवासी स्टेशन असावं, फक्त खनिज भरायचा यार्ड नको. तिथे धान, तेंदूपत्ता, बांबू भरायला धक्का असावा. सकाळी नागपूरकडे जाणारी आणि रात्री परत आणणारी एक तरी गाडी पहिल्या दिवसापासून असावी, आणि हे सर्वेक्षणाच्या अहवालातच लिहिलेलं असावं. स्टेशनपर्यंत मुलचेरा, लगाम, गोमणीकडून बारमाही रस्ता हवा. त्याला पैसा नाही म्हणू नका. खाणीच्या जिल्ह्यासाठी 2015 च्या कायदादुरुस्तीने खनिज प्रतिष्ठानाचा निधी आहेच. तो खाणीच्या झळा सोसणाऱ्या गावांसाठी आहे, चौक सजवायला नाही.

येत्या ग्रामसभेत एवढाच ठराव मांडा. पक्ष कोणता, झेंडा कोणता ते बाजूला ठेवा. ठराव झाला की सही-शिक्क्याचा फोटो मला पाठवा. गावाच्या नावासह छापतो. ज्या गावात ठराव घेऊ दिला नाही, त्या गावाचंही नाव छापतो.