एक स्टार देण्याआधी



गेले काही दिवस आपल्याकडच्या जुन्या हॉटेलांच्या आठवणी निघताहेत. पोळ्याच्या सणाला मिळणारी भजी, स्टेशनबाहेरचा चहा, संत्र्याच्या सीझनमध्ये कपावर कप रिचवत सौदे करणारे व्यापारी. वाचून मजा येते. माझी आठवण मात्र गेल्या मे महिन्यातली आहे आणि तिच्यात चूक माझी आहे. आधी ती सांगतो, मग माझं मत सांगतो.

२०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. ऑफिसं आली, ऑफिसांत कामं असलेली माणसं आली आणि त्यांच्या मागे कॉफीची दुकानंही आली. सौंसरचे माझे एक जुने मित्र, चाळीस वर्षं मास्तरकी केलेले, जमिनीच्या कामासाठी इकडे आले होते. साहेब तीन वाजता भेटणार होते. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी म्हटलं, चला मास्तर, कॉफी घेऊ. थंड जागी बसणंही होईल.

आत गेलो. टेबलावर मेनू नाही, एक काळा-पांढरा चौकोन चिकटवलेला. काउंटरवरच्या पोराला मेनू कार्ड मागितलं. तो म्हणाला, "मेनू मोबाइलवर हाय काका, स्कॅन करा." मास्तरांनी खिशातून आपला फोन काढून दाखवला, "माह्या तं बटनाचा हाय बावा." पोरानं खांदे उडवले अन् दुसऱ्या टेबलाकडे गेला. शेवटी मीच अंदाजानं दोन कॉफी सांगितल्या. आल्या त्या अर्ध्या तासानं, कोमट आणि बिनसाखरेच्या. कप अजून अर्धा होता तोच पोरगा परत आला. "काका, टेबल लागते. बाहेर लोकं उभे हायेत."

मास्तर काहीच बोलले नाहीत. पिशवी उचलली आणि उठले. ते मला फार लागलं. चार पिढ्यांना अक्षरओळख करून देणारा माणूस, त्याला अर्ध्या कपावरून उठवलं.

संध्याकाळी पुण्याहून नातवाचा फोन आला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आबा, रिव्ह्यू टाकतो तुमच्या नावानं." मी म्हटलं, टाक. त्यानं एक स्टार दिला आणि लिहिलं की काउंटरवरचा मुलगा ज्येष्ठांशी उद्धटपणे वागतो. मला वाचून दाखवलं. मी एक शब्द दुरुस्तही केला. खोटं कशाला बोलू, झोप छान लागली.

पाच-सहा दिवसांनी भाजी बाजारात त्या दुकानाचा मालक भेटला. तिशीतला असेल, कर्ज काढून दुकान टाकलेलं. "साहेब, ते लिवलेलं तुमचंच ना?" मी हो म्हटलं. भांडेल असं वाटलं होतं, पण तो भांडला नाही. म्हणाला, "पोरगा जवळच्या खेड्यातला होता, तिसराच दिवस होता त्याचा. मी त्याचा दोन दिवसाचा पगार कापला. दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही तो."

मी विचारलं, "आणि टेबल खाली करायला त्याला कोणी सांगितलं होतं?"

तो जरा थांबला. "मीच सांगतलं होतं साहेब. गर्दी असली का वीस मिनिटाच्या वर बसू द्याचं नाही."

मंडळी, भाजी न घेताच घरी आलो. नियम मालकाचा, मेनू कार्ड न छापणं मालकाचं, राग माझा, अक्षरं नातवाची. आणि पगार कापला गेला तो ज्याला काहीच ठरवायचा अधिकार नव्हता त्याचा.

आता मत सांगतो. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी काउंटरच्या आतल्या बाजूला. आमच्याकडे तक्रार वही असायची. तिच्यात लिहिणारा आपलं नाव, खाते क्रमांक आणि तारीख घालायचा. मॅनेजर म्हणून मला आधी त्या कर्मचाऱ्याचं म्हणणं घ्यावं लागायचं, मग ग्राहकाला उत्तर द्यावं लागायचं. एकदा एका कॅशियरविरुद्ध मोठी तक्रार आली होती, म्हाताऱ्या बाईला तासभर उभं ठेवलं म्हणून. चौकशी केली तर तिजोरीची दुसरी किल्ली ज्याच्याकडे, ते महाशयच उशिरा आले होते. ते महाशय म्हणजे मी. वहीत ते लिहावं लागलं.

१९९५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकिंग लोकपाल योजना आणली. तिच्यातला एक नियम मला कायम शहाणपणाचा वाटला. लोकपालाकडे सरळ जाता येत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची, ठरलेली मुदत वाट पाहायची. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढचं दार. आणि नोकराचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याला दंड करू नये, हे तर १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यातच घातलेलं होतं. स्टारमध्ये यातलं काही नाही. फिर्यादी मीच, न्यायाधीशही मीच. शिक्षा कोणाला झाली हे मला कळतही नाही.

कोणी म्हणेल, म्हणजे गिऱ्हाईकानं गप्प बसायचं का? मुळीच नाही. पण जागेवर, ज्याच्या हातात बदलणं आहे त्याला सांगायचं. मी त्या दिवशी फक्त म्हणायला हवं होतं, "मालक कुठे आहेत?" ते आतच होते. दोन मिनिटांचं काम होतं.

कॉलेजात असताना नागपूरला सदरच्या इंडियन कॉफी हाऊसमध्ये आम्ही चार जण दोन कपांवर दुपार काढायचो. पांढरे कपडे, तुरेदार फेटा घातलेला वेटर पाण्याचे ग्लास पुन्हा पुन्हा भरून जायचा. कोणी उठवलं नाही. पुढे कळलं, पन्नाशीच्या दशकात कॉफी बोर्डानं आपली कॉफी हाऊसं बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं कामगारांनीच १९५७ पासून सहकारी सोसायट्या काढून ती चालवायला घेतली. म्हणजे ग्लास भरणारा माणूस धंद्यात भागीदार होता. गिऱ्हाईकाला बसू द्यायचं की नाही, हे ठरवण्यात त्याचाही शब्द होता. आपल्या त्या पोराला कोणी विचारलं होतं?

दुकानदारांनाही चार शब्द. एक, टेबलावर छापील मेनू ठेवा. दहा पानं झेरॉक्स काढायला कॉफीच्या एका कपाएवढेही पैसे लागत नाहीत. दोन, बिल सरळ ठेवा. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर तो पाच टक्के कर तुमच्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाईकाच्या बिलात लावता येत नाही. सर्व्हिस चार्जही आपोआप जोडू नये, असं ग्राहक प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलं आहे. तीन, आणि सगळ्यात मोठी गोष्ट, बसू द्या. सौंसर, मोहगाव, लोधीखेड्याहून कामासाठी आलेला माणूस साहेबांची वाट पाहत दोन तास कुठे घालवेल? तुमच्याकडे गर्दी असेल तर पाटी लावा, मालक म्हणून स्वतः येऊन हात जोडा. ते वाईट काम नवीन पोराच्या तोंडून करून घेऊ नका.

मी तो रिव्ह्यू नातवाकडून काढून घेतला. "पण आबा, खरंच तर होतं," तो म्हणाला. मी म्हटलं, खरं होतं, पुरं नव्हतं. मालकानं मेनू छापला आहे, मी पाहून आलो. पोराचे दोन दिवसांचे पैसे पोचवतो असं तो म्हणाला होता. परवा विचारलं तर म्हणाला, पोरगा बोरगावच्या कुठल्याशा कंपनीत लागला म्हणतात, नंबर लागत नाही. पैसे अजून गल्ल्यातच आहेत. मी दर आठवड्याला विचारणार आहे, बँकेची सवय आहे.

तुमचेही अनुभव खाली लिहा, बरे-वाईट दोन्ही. वाईट असेल तर दुकानाचं नाव लिहू नका. आधी मालकाला सांगितलं होतं का, एवढं मात्र लिहा.