नोकरी लागल्यानंतरचा अभ्यास

आपल्या वसतिगृहात वाढलेली जी मुले-मुली बँकेत लागली, त्यांचा आम्हां शिक्षकांना नेहमीच विशेष अभिमान वाटत आला आहे. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, पुढे राखीव जागा आल्या, आणि ज्यांचे आजोबा सावकाराच्या ओट्याखाली हात जोडून उभे राहत, त्यांची नातवंडे रोखपालाच्या काचेआड बसली. पेढे वाटले गेले, सत्कार झाले. मात्र नोकरी लागली की शिक्षण संपले, अशी एक समजूत त्याच वेळी आपल्या घरांत रुजली. ती रुजवण्यात आमचाही हात आहे, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने कबूल केले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी थळची आमची एक माजी विद्यार्थिनी घरी आली. ती तेव्हा एका बँकेत लिपिक होती. भारतीय बँकिंग व वित्त संस्थेच्या जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या दोन्ही परीक्षा तिने नोकरी सांभाळून दिल्या होत्या. सीएआयआयबी उत्तीर्ण झालेल्या बँक कर्मचाऱ्यांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने याच संस्थेच्या सहकार्याने बँकिंग व वित्त या विषयातील एमबीए सुरू केले होते. त्याला प्रवेश घ्यावा का, एवढेच तिला विचारायचे होते. आम्ही इतिहासाचे एम.ए., तेही वर्गात बसून झालेले! आम्ही म्हणालो, "अगं, टपालाने आलेल्या पदवीला कोण विचारतं? त्यापेक्षा घराचे हप्ते फेड." ती "बरं, सर" म्हणाली आणि चहा घेऊन गेली.

तिने प्रवेश घेतला होता, हे आम्हाला फार उशिरा कळले. आणि तो अर्ध्यावर सोडला, हेही तेव्हाच कळले. पुस्तके इंग्रजीत, मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला एक पान समजून घ्यायला तास लागे. गृहपाठ ठरल्या मुदतीत लिहून द्यायचे, तेही बँकेतून आल्यावर, स्वयंपाक आणि सासूबाईंचे औषधपाणी उरकल्यावर. सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये, तिचे केंद्र मुंबईला. जूनमध्ये मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यापुरत्या बंद होतात. रो-रो बोट तेव्हा सुरू झालेली नव्हती. म्हणजे पेणमार्गे एस.टी., भर पावसात, आणि तीही रजा मिळाली तर. बुद्धी कमी पडली म्हणून तिने अभ्यास सोडलेला नाही. तिच्या पाठीशी उभे राहणारे कोणी नव्हते, आणि ज्यांनी राहायचे त्यांनी हप्त्यांचा सल्ला दिला होता.

इतिहासाच्या शिक्षकाने तरी असे बोलायला नको होते. बाबासाहेबांचे लंडनमधले शिक्षण १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अर्ध्यावर तुटले. त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी केली, पैसे साठवले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली ती रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी. चलन आणि वित्त हा आपल्या नेत्याचा मूळ अभ्यासविषय. त्या विषयाकडे आपण केवळ नोकरीचे साधन म्हणून पाहावे, ही गोष्ट आम्हाला आता खटकते. पुढे १९४६ साली त्यांनी सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. पोटासाठी राबून शिकणारा विद्यार्थी त्यांना दुय्यम वाटला नव्हता.

आता दूरस्थ पदवीच्या दर्जाविषयी. मान्यताप्राप्त विद्यापीठाची मुक्त किंवा दूरस्थ पद्धतीची पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. मान्यता आहे की नाही, हे मात्र पैसे भरण्यापूर्वी आयोगाच्या यादीत पाहावे. जाहिरातीवर जाऊ नये. पदवी मिळाली की बढती मिळेलच, असे आम्ही सांगणार नाही. ते खोटे ठरेल.

तरीही हा अभ्यास हवा. रोख मोजणारी खुर्ची आणि कर्ज मंजूर करणारी खुर्ची यांत फार अंतर आहे. थळच्या कोळ्याला होडीसाठी, पांढरा कांदा पिकवणाऱ्या शेतकऱ्याला बियाण्यासाठी कर्ज द्यायचे की नाही, हे दुसऱ्या खुर्चीवर ठरते. ताळेबंद वाचणे, तारण जोखणे, परतफेडीची कुवत ओळखणे, कर्ज थकीत का होते हे समजणे, हे सगळे तिथे लागते. याच अलिबाग तालुक्यात १९३३ साली चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला आणि तो सहा वर्षे चालवला. हिशोबाची वही दुसऱ्याच्या हाती असली म्हणजे काय होते, हे या मातीला वेगळे सांगायला नको.

संस्थेपुढे आमची एकच मागणी आहे. मे महिन्यात वसतिगृह रिकामे असते, आणि जूनच्या परीक्षेची तयारी त्याच महिन्यात करायची असते. दोन खोल्या आणि इंटरनेट नोकरदार माजी विद्यार्थ्यांना द्यावे. बँकांतून निवृत्त झालेल्या आपल्या बांधवांनी रविवारी येऊन बसावे, इंग्रजीचे आम्ही शिक्षक पाहू. आणि पालकांनी, विशेषतः सासरच्या मंडळींनी, पुस्तक घेऊन बसलेली सून रिकामी बसली आहे असे समजू नये.

त्या विद्यार्थिनीला आम्ही गेल्या महिन्यात भेटलो. पुस्तके अजून माळ्यावर आहेत, म्हणाली. अभ्यासक्रम बदलला असेल, सगळे नव्याने करावे लागेल. मग थोडे थांबून तिने विचारले, "सर, मे महिन्यात खोली खरंच मिळेल का?" आम्ही संस्थेला विचारून सांगतो म्हणालो आहोत.