केस कोणाचे, तेवढे सांगा

साताऱ्याच्या राजपथावर काय किंवा सांगलीच्या मारुती रोडवर काय, दाढीचा ब्रश मागितला की दुकानदार दोन-तीन ब्रश काचेवर मांडतो, मुठींचे रंग दाखवतो, किंमत सांगतो. केस कशाचे आहेत, हे सांगत नाही. पुष्कळ पुड्यांवरही ते छापलेले नसते. राठ, बुडाशी जाड आणि टोकाकडे निमुळते होत गेलेले केस असले, तर ते बहुधा डुकराचे असतात. सांगली-मिरजेत जैन आणि मुसलमान वस्ती मोठी आहे. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका पाहून मगच तो उचलणारा माणूस रोज सकाळी नकळत डुकराचे केस गालावर फिरवत असेल, तर ती त्याची फसवणूक आहे. ज्याला हे केस चालत नाहीत त्याच्यासाठी नायलॉनचे ब्रश आहेत, त्यांतले काही उत्तम आहेत. पण निवडायचे तर आधी कळायला हवे. एक केस उपटून पेटत्या काडीवर धरला तर प्राण्याचा केस करपल्याचा ओळखीचा वास देतो आणि त्याची राख बोटांत चुरडते. नायलॉन वितळून त्याचा कडक मणी होतो. पण ही पारख गिऱ्हाइकावर का टाकायची? पुड्यावर एक शब्द छापणे हे कारखानदाराचे काम आहे.

केसांचे नाव लपवण्याचा इतिहास वाईट आहे. पहिल्या महायुद्धात बॅजर या प्राण्याच्या केसांचा पुरवठा विस्कळीत झाला, तेव्हा घोड्याचे केस बॅजरसारखे दिसतील असे करून विकले गेले. त्यांतले पुष्कळ केस निर्जंतुक केलेलेच नव्हते. दाढी करताना पडलेल्या बारीक जखमांतून इंग्लंड-अमेरिकेत सैनिकांना आणि साध्या नागरिकांना काळपुळी झाली. गुरांना होते तीच ही काळपुळी, अँथ्रॅक्स. काही जण दगावले. 1920 मध्ये ब्रिटनने जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदी घातली. नीट निर्जंतुक केलेल्या केसांत ती भीती नाही. तरी सलूनमध्ये एकच ब्रश सगळ्यांच्या गालांवर फिरण्याची पद्धत मागे पडते आहे, हे योग्यच आहे. ब्रश ज्याचा त्याचाच असावा.

आणि जो जाणूनबुजून डुकराच्या केसांचा ब्रश घेतो, त्याला तरी कुठे कोण काही सांगते? नवा ब्रश टोचतो, ओल्या जनावरासारखा वास मारतो, केलेला फेस गिळून टाकतो. आठवड्याभरात तो कचऱ्यात जातो. खरे म्हणजे तो अजून तयारच झालेला नसतो. डुकराचा केस पाणी पितो. आधी पाच-दहा मिनिटे कोमट पाण्यात बुडवून ठेवला नाही, तर तो साबणातले पाणी पिणारच. दर भिजण्या-वाळण्यागणिक केसाचे टोक उलत जाते, एका टोकाचे दोन-तीन फाटे होतात. टोके रेशमासारखी मऊ आणि कणा मात्र ताठ, हेच या केसाचे वैभव. पण त्याला रोजच्या वापराचा महिनाभर तरी द्यावा लागतो. वासाचा उपाय सोपा आहे. दाट फेस करून तो रात्रभर ब्रशातच राहू द्यावा, सकाळी धुवावा. दोन-तीनदा असे केले की वास जातो. पहिल्या दिवसांत चार केस गळाले तर घाबरू नये. उकळते पाणी मात्र कधीच नको. केस ठिसूळ होतात आणि मुठीतले चिकटवणही सुटते.

आपल्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत ब्रशाला दोन वैरी आहेत. पश्चिमेला ओल. महाबळेश्वरात वर्षाला सरासरी 5000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या भागात श्रावणापर्यंत ब्रश दिवसभरात वाळतच नाही आणि बुडाशी बुरशी धरते. तिथे दोन ब्रश ठेवून आलटून पालटून वापरणे हाच मार्ग. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जतकडे बोअरचे क्षाराचे पाणी. त्यातले क्षार आणि साबण मिळून न विरघळणारा पांढरा साका होतो आणि केसांच्या मुळाशी घट्ट बसतो. मग फेस धरत नाही आणि माणूस म्हणतो, ब्रश गेला. ब्रश गेलेला नसतो, चोंदलेला असतो.

पेलाभर कोमट पाण्यात दोन चमचे पांढरे व्हिनेगर घालावे, त्यात ब्रश दहा मिनिटे ठेवावा आणि बोटांनी बुडाशी हळूहळू चोळावे. पाणी गढुळते, क्षार सुटतो. मग भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब, भरपूर स्वच्छ पाणी, आणि पिळण्याऐवजी दाबून, झटकून सावलीत वाऱ्यावर ठेवणे. केसांचा अख्खा झुपका मुठीतून निघून आला तरी मूठ टाकू नये. खोबणीतले जुने चिकटवण खरवडून दोन नळ्यांचे ॲरल्डाइट भरावे, झुपका बसवावा आणि दिवसभर हात लावू नये. बुड काळे पडून केस मुळाशी तुटू लागले असतील, तरच तो ब्रश संपला.

हे शिक्षण पूर्वी गावातल्या नाभिकाच्या हातातून सहज व्हायचे. धोकटी उघडली की पहिल्यांदा ब्रश पाण्याच्या वाटीत पडे. मग गावाची खबरबात, मग चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा लावणे. वस्तऱ्याला धार येईतो ब्रश पाणी पिऊन तयार झालेला असे.